घडीच्या शिडीवर पहिल्यांदा चढताना

पंख्याची दोन पाती पुसून झाली होती. तिसरं हातभर लांब, माझ्या डाव्या अंगाला. खालून बायको म्हणाली, "अहो, शिडी सरकवून घ्या ना." मी म्हणालो, "झालंच." सगळा भार डाव्या पायावर, उजवा पाय हवेत, आणि ओला फडका धरलेला हात जेवढा जाईल तेवढा लांब. शिडीचे उजवीकडचे पाय फरशीवरून कधी उचलले गेले ते कळलंच नाही. कळलं ते थेट जमिनीवर. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

पंखा फिरतो, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बोटाने जरासा ढकलला असता तर तिसरं पातं आपणहून माझ्या नाकासमोर आलं असतं. मी पंख्याऐवजी स्वतःलाच फिरवलं.

तेव्हा मी फक्त तिसऱ्या पायरीवर होतो, जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर. "एवढ्याशा उंचीवरून काय होतंय" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं गणित: एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू ०.४५ सेकंदात जमिनीवर येते आणि आपटते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो. दोन मीटरवरून ०.६४ सेकंद, वेग ताशी साडेबावीस किलोमीटर. शिवाय तुमचे पाय तीन फुटांवर असले तरी डोकं आठ-साडेआठ फुटांवर असतं. अर्ध्या सेकंदात माणूस काहीही सावरू शकत नाही. जे सावरायचं ते चढायच्या आधीच.

घरात पहिल्यांदाच घडीची शिडी आलेली असेल, किंवा आजवर हे काम दुसरंच कुणीतरी करत आलं असेल आणि आता तुमच्यावर आलं असेल, तर कुठल्या क्रमाने काय करायचं ते सांगतो.

आधी विचारा: चढायलाच हवं का?

जळमटं काढायला लांब दांड्याचा झाडू पुरतो. पंख्याच्या पात्यांसाठी वाकणारा ब्रश मिळतो, बल्ब बदलायला काठीच्या टोकाला लावायची पकड मिळते. हे सगळं मी पडल्यानंतर आणलं. वरच्या फळीवरची जी वस्तू दर आठवड्याला लागते ती मुळात वर असायलाच नको. ती खाली आणा, वर्षातून एकदा लागणारी वर टाका. शिडीवरच्या निम्म्या खेपा इथेच वाचतात.

आणि चढायचंच असेल तर शिडीवर चढा. खुर्ची बसण्यासाठी असते. तिच्या कडेवर भार पडला की ती उलटते. प्लास्टिकची असेल तर गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात, आणि चाकांची असेल तर बोलायलाच नको. टेबलावर स्टूल, स्टुलावर माणूस आणि खाली स्टूल धरायला उभं केलेलं एक लहान मूल, हे दृश्य मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. शिडी शेजारच्या खोलीतच असते. ती काढायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

कुठली शिडी?

इथे मी बोलतोय ती इंग्रजी 'ए' अक्षरासारखी उघडणारी, कुणाचाही आधार न घेता आपल्या चार पायांवर उभी राहणारी शिडी. रंगारी आणि वायरमन तिला घोडा म्हणतात. भिंतीला टेकवायच्या सरळ शिडीचे नियम वेगळे. तिच्याबद्दल इतकंच, की जितकी उंची टेकवाल त्याच्या एक चतुर्थांश अंतर तळाशी भिंतीपासून सोडायचं. चार फुटांना एक फूट. शिडी जमिनीशी साधारण ७५ अंशांत उभी राहते.

घोड्याला गोल दांड्यांऐवजी चपट्या पायऱ्या असतात. अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या जॉन बाल्सली नावाच्या सुताराने १८६२ साली अशा घडीच्या शिडीचं पेटंट घेतलं होतं. गोल दांड्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा, तळपायाची कमान कशी ठणकते ते कळेल. सपाट पायरीवर पाऊल नीट टेकतं, म्हणून काम करत उभं राहायला ही शिडी बरी.

उंचीचा हिशेब असा करा. शिडीचं सगळ्यात वरचं डोकं उभं राहण्यासाठी नसतं. त्याच्या लगेच खालची पायरीही नसते. म्हणजे सहा फुटी शिडीवर तुम्ही जास्तीत जास्त चार फुटांवर उभे राहणार. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे हात तिथून दहा फुटांपर्यंत आरामात पोहोचतात. ढोबळ मानाने शिडीच्या उंचीत चार फूट मिळवा, तेवढ्या उंचीवरचं काम त्या शिडीवर होतं. छत आठ फुटांवर असेल तर चार फुटी शिडी पुरेल, दहा फुटांवर असेल तर सहा फुटी लागेल. ब्रिटनमधली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची सरकारी संस्था, हेल्थ अँड सेफ्टी एग्झिक्युटिव्ह, याहून कडक आहे: हाताने धरायला पक्का आधार नसेल तर वरच्या तीन पायऱ्या वापरू नका, असं ती सांगते. मला तेच पटतं. म्हणून दोन उंचींपैकी कुठली घ्यावी अशी शंका आली की मोठी घ्या. बुटकी शिडी घेतलेला माणूस आज ना उद्या तिच्या डोक्यावर उभा राहतोच.

वर उभं राहायला रुंद फळी आणि तिच्याही वर कमरेपर्यंत येणारा कठडा, अशीही शिडी मिळते. जागा जास्त खाते, वजनालाही जड, पण घरात वयस्कर माणसं शिडी वापरणार असतील किंवा तुम्हाला उंचीची भीती वाटत असेल तर डोळे झाकून हीच घ्या. हिच्या वरच्या फळीवर उभं राहणं चालतं, ती त्यासाठीच असते.

मग वजन. शिडीच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर ती किती भार पेलते ते लिहिलेलं असतं. अमेरिकी मानकात सगळ्यात हलकी घरगुती शिडी ९१ किलोची, त्यावर १०२, ११३, १३६ आणि १७० किलोच्या श्रेणी. युरोपच्या ईएन १३१ या मानकात सरसकट १५० किलो. हा आकडा तुमच्या एकट्याच्या वजनाचा नाही. माणूस ८० किलोचा, हातात तीन किलोचं ड्रिल, वर ठेवलेला चार लिटर रंगाचा डबा पाच-सहा किलोचा, झाले जवळजवळ ९० किलो. ९१ किलोच्या शिडीवर हा माणूस काठावर उभा आहे.

कशाची घ्यावी? अॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण वीज सरळ वाहून नेतं. विजेची कामं करणार असाल तर फायबरग्लासची घ्या, आणि ती स्वच्छ नि कोरडी ठेवा. ओल्या, मळलेल्या फायबरग्लासवर भरवसा नाही. लाकडी शिडी कोरडी असेपर्यंत ठीक, भिजली की तिच्यातूनही वीज जाते. लोखंडी शिडी मजबूत असते, फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना भिंतींचे कोपरे आणि तुमची पाठ दोन्ही दुखावतात.

चढायच्या आधी शिडीकडे बघा

शिडी आडवी टाका आणि खालून वर बघत जा. याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पायांची रबरी बुटं आधी. चारही आहेत का? त्यांच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्यात का? त्यांत वाळू, रंगाचे पोपडे, वाळलेलं सिमेंट अडकलंय का? माझ्या शिडीचं एक बूट असंच झिजून आतलं अॅल्युमिनियम बाहेर डोकावत होतं. तो पाय फरशीवर स्केटिंगच करत असणार, मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. अशी बुटं सुटी मिळतात. ओढून काढायची आणि त्याच मापाची नवी बसवायची.

मग पायऱ्या. प्रत्येक पायरी दोन्ही हातांनी धरून हलवा. किंचितही खुळखुळली तर तिला दांड्याशी जोडणारे रिव्हेट (धातूच्या खिळ्या) ढिले झालेत. उभ्या दांड्यांवरून बोट फिरवा. खळगा, बाक, चीर काही लागतंय का? अॅल्युमिनियमचा दांडा एकदा मुडपला की हातोडीने सरळ करून उपयोग नाही, तिथे धातू कमजोर झालेला असतो. लाकडी असेल तर चिरा आणि कुजकी जागा शोधा. याच कारणासाठी लाकडी शिडीला कधी रंग फासू नका. रंगाखाली चीर दिसत नाही. पारदर्शक वॉर्निश चालतं.

शेवटी वरची बिजागरी आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. शिडी उघडल्यावर त्या पूर्ण सरळ होऊन खटकन बसायला हव्यात. पट्टीच्या जागी दोरी किंवा तार बांधलेली शिडी कुणी तुम्हाला देऊ केली, तर आभार मानून परत करा.

दुरुस्त न होणारी शिडी टाकून देताना तिचे तुकडे करा. तशीच ठेवली तर दुसरं कुणीतरी उचलून नेईल आणि तिच्यावर चढेल.

मांडणी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी हीच. लोक सगळ्यात कमी वेळ देतात तीही हीच.

चारही पाय कडक, सपाट, कोरड्या जमिनीवर हवेत. गालिचा, पायपुसणं, चटई आधी गुंडाळून बाजूला करा. रंगकाम असेल आणि खाली प्लास्टिक अंथरलं असेल तर शिडी त्याच्यावर ठेवू नका. तेवढ्या जागेतलं प्लास्टिक दुमडा आणि पाय थेट फरशीवर टेकवा. फरशी नुकतीच पुसली असेल तर वाळू द्या. न्हाणीघराच्या आणि गच्चीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, शिडीला बरोबर कळतो. शिडी तिथे डुगडुगली तर जागा बदला, नाहीतर शिडी वळवून बघा. पायाखाली पुस्तक, विटेचा तुकडा, पुठ्ठ्याची घडी असलं काही सरकवू नका. काम करताना शिडी सतत बारीक हलत असते, आणि ते ठिगळ हळूहळू बाहेर येतं. जिन्याच्या पायऱ्यांवर घोडा उभा करायचाच नाही. त्या कामासाठी एक-एक पाय कमी-जास्त करता येणारी वेगळी शिडी असते, ती नसेल तर काम करणाऱ्याला बोलवा.

शिडी पूर्ण उघडा. आडव्या पट्ट्या हाताने खाली दाबा आणि बसल्याचा आवाज ऐका. पट्ट्या आणि बिजागरी यांच्यात बोट सापडलं तर चांगलंच चेंगरतं, म्हणून बंद-उघड करताना हात उभ्या दांड्यांच्या बाहेरच्या बाजूला ठेवा.

जागा अरुंद आहे म्हणून मिटलेला घोडा भिंतीला टेकवून चढणारे पुष्कळ आहेत. घोड्याचे पाय उघड्या अवस्थेत जमिनीवर सपाट बसतील अशा कोनात कापलेले असतात. मिटवून टेकवला की रबराची फक्त कड जमिनीला लागते, आणि पाय मागे सटकतो. तसंच मागच्या बाजूने चढायचं नाही. तिथल्या आडव्या पट्ट्या शिडीला ताठ ठेवण्यासाठी असतात, माणसाला पेलण्यासाठी नाही.

आता तोंड कुठे? हे फार कमी जण सांगतात. तुमच्या शिडीच्या पायांमधलं अंतर टेपने मोजून बघा. सहा फुटी घोडा पुढून मागे साधारण तीन-साडेतीन फूट फाकलेला असतो, पण आडवा जेमतेम दीड-पावणेदोन फूट. म्हणजे पुढेमागे रेटा दिला तर तो टिकतो, बाजूला दिला तर लवकर उलटतो. म्हणून शिडीच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर काम तुमच्या थेट समोर यायला हवं. भिंतीत ड्रिल मारायचंय तर चढल्यावर तोंड भिंतीकडे, शिडी भिंतीला काटकोनात. भिंतीला समांतर लावलेल्या शिडीवरून कंबर वळवून ड्रिल मारलं, तर प्रत्येक रेट्याबरोबर तुम्ही स्वतःलाच बाजूला ढकलत असता.

दाराजवळ काम असेल तर दार आतून कडी लावून बंद करा, किंवा पूर्ण उघडून पाचर मारून ठेवा. बाहेरून कुणीतरी धाडकन दार उघडणार हे गृहीतच धरा. खेळणारी मुलं, पायात घुटमळणारं मांजर, सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

सगळं झालं की पहिल्या पायरीवर चढा आणि भार डावीकडे, उजवीकडे हलकेच टाकून बघा. एखादा पाय खट्ट करून उचलला जातोय? उतरा, पुन्हा मांडा. ही तपासणी फुटाभरावरून केलेली बरी.

स्वतःकडेही बघा

पायात काय आहे? चप्पल, स्लीपर, नुसते मोजे नकोत. अनवाणीही नको, पायरीच्या कडा पायात रुततात आणि पाय सारखा हलवावासा वाटतो. मागून बंद असलेले, चांगल्या पकडीच्या तळव्याचे बूट घाला आणि नाड्या बांधा. लोंबणारी ओढणी, लुंगी, साडीचा पदर, सैल पायजमा हे सगळं खोचा किंवा बदला. उतरताना स्वतःच्याच कपड्यावर पाय पडतो.

चक्कर येत असेल, झोप झालेली नसेल, सर्दीवरची झोप आणणारी गोळी घेतली असेल, रक्तदाबाचं नवं औषध सुरू झालं असेल, दारू घेतली असेल, तर आज शिडी नको. आणखी एक गोष्ट, जी चष्मा लागल्यावरच कळते: वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणाऱ्या चष्म्यातून खाली पायरीकडे बघितलं की ती वाचायच्या काचेतून दिसते, धूसर आणि भलत्याच अंतरावर. अशा वेळी मान पूर्ण खाली करून वरच्या काचेतून बघायचं, किंवा फक्त लांबचा चष्मा असेल तर तो लावायचा.

चढणं

तोंड शिडीकडे, चढतानाही आणि उतरतानाही. दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी तीन कायम शिडीला लागलेले हवेत. एका वेळी एकच हलवायचा. एका पायरीवरून एकच पायरी. शरीर दोन्ही दांड्यांच्या मधोमध.

हे जमायचं तर हात मोकळे हवेत. म्हणजे पाना, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर खिशांच्या पट्ट्यात किंवा खांद्याला अडकवलेल्या छोट्या पिशवीत. धारदार काही उघडं खिशात नको. जड वस्तू खालच्या माणसाने नंतर वर द्यायची, किंवा दोरीला बांधून वर ओढायची. शिडीच्या डोक्यावर हत्यारं ठेवायची खोबण असेल तर चांगलंच. नसेल तर तिथे हातोडी ठेवू नका. तुम्ही ती विसराल आणि शिडी सरकवताना ती तुमच्याच कपाळावर येईल.

एका शिडीवर एकच माणूस. पलीकडून "मी पण धरते" म्हणत दुसरं कुणी चढणार असेल तर प्रेमाने नको म्हणा.

वर गेल्यावर

बेंबीचा नियम लक्षात ठेवा. तुमची बेंबी, किंवा पट्ट्याचं बक्कल, शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधेच राहिली पाहिजे. ती दांड्याच्या बाहेर गेली की शरीराचा भार शिडीच्या पायांच्या बाहेर जायला लागतो, आणि मग शिडी उलटायला एक धक्का पुरतो. हात पुरत नाही? उतरा. शिडी वीतभर सरकवा. पट्ट्या पुन्हा तपासा. चढा. खिडकीच्या रुंद पडद्यासाठी असं तीनदा करावं लागेल. तीनदा करा. वर उभं राहून अंगाला झटके देत शिडी 'चालवत' नेणारे कसबी रंगारी मी बघितलेत. त्यांनाही कधीतरी भोवतं, आपण तर नवखे.

गुडघे किंवा मांड्या शिडीच्या वरच्या भागाला टेकवून उभं राहता आलं तर फार आधार मिळतो. दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवा. दोन्ही हात कामाला लागणार असतील तर एखादी पायरी खालीच उभे राहा.

जोर लावताना सावध. गंजलेला स्क्रू फिरत नसतो, आपण दात-ओठ खाऊन पिळत असतो, आणि तो अचानक सुटतो. जमिनीवर असतो तर एक पाऊल मागे टाकून सावरलो असतो. शिडीवर मागे टाकायला पाऊलच नसतं. भिंतीत अडकलेलं ड्रिलचं बीट ओढून काढतानाही हेच, आणि कपाटावरची जड बॅग खेचताना तर नक्कीच. ती घट्ट बसलेली असते, मग एकदम सुटते आणि छातीवर येते. दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी वस्तू शिडीवरून एकट्याने उतरवू नका.

मान वर करून बराच वेळ बघत राहिलं की काहींना गरगरतं, आणि वर धरलेले हात काही मिनिटांतच भरून येतात. दर थोड्या वेळाने हात खाली घ्या, समोरच्या भिंतीकडे बघा. कामाच्या जागी शिडी एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वापरू नये असा संकेत ब्रिटनमधली तीच संस्था सांगते. घरी मी त्याच्या निम्म्यावरच उतरतो.

हातातून काही निसटलं तर निसटू द्या. झेलायला जाऊ नका. स्क्रू ड्रायव्हर पडला तर फार तर फरशीला टवका जाईल.

विजेचं काम

बल्ब बदलायचा असो की पंखा पुसायचा, आधी मेन बोर्डवरचा त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असू शकते. रेग्युलेटर शून्यावर ठेवणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. एमसीबीवर चिकटपट्टी लावा, आणि घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगा. अंधार झाला म्हणून कुणीतरी सवयीने तो वर करतंच. खोलीत उजेड लागेल म्हणून हे काम दिवसा करा. नुकताच बंद केलेला बल्ब निवू द्या. चटका बसला की हात आपोआप मागे येतो आणि त्याबरोबर माणूसही.

विजेचा धक्का बारीक असला तरी शिडीवर तो पुरेसा असतो, कारण अंग दचकतं आणि पकड सुटते. त्यामुळे एमसीबी पाडलेला असला तरी विजेजवळ अॅल्युमिनियमची शिडी मी नेत नाही. घराबाहेर शिडी उभी करून नेताना वर बघत जा. तारा दिसल्या की शिडी आडवी करा.

खालचा माणूस

मदतीला कुणी असेल तर त्याचं काम काय ते आधी ठरवून घ्या. तो हत्यारं देतो-घेतो, दाराकडे लक्ष ठेवतो, आणि बेंबी बाहेर गेली की सांगतो. तो सांगेल ते ऐकायचं, हा करार चढायच्या आधीच व्हायला हवा. आमच्या घरात तो आता लेखी नसला तरी पक्का आहे. शिडी धरायचीच असेल तर दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरायचे, आणि नजर वर ठेवायची. फोन खिशात. थेट खाली उभं राहायचं नाही, वरून काहीही पडू शकतं. मात्र डुगडुगणारी शिडी कुणी धरली म्हणून चांगली होत नाही. ऐंशी किलोचा माणूस कलंडायला लागला की खालच्याचे हात त्याला थोपवू शकत नाहीत.

उतरणं

काम संपलेलं असतं, मन पुढच्या कामात असतं. बरेच जण खालून दुसऱ्या पायरीलाच शेवटची समजतात आणि जमीन आली म्हणून मागे पाऊल टाकतात. घोटा मुरगळतो. यावर दोन उपाय. चढताना पायऱ्या मोजा आणि उतरताना तेवढ्याच उलट्या मोजा, मोठ्याने मोजल्या तरी कुणी हसणार नाही. दुसरा, सगळ्यात खालच्या पायरीला भडक रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा. ती दिसली की पुढे जमीन. उडी मारून उतरायचं नाही, आणि शिडीकडे पाठ करून तर नाहीच.

पडलात तर

लगेच उठू नका. मानेत किंवा पाठीत दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल तर आहे तसेच पडून राहा, आणि घरच्यांनी हलवायच्या ऐवजी रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी झाली, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर तडक रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डोक्याला साधा मार लागला तरी डॉक्टरांना दाखवा, लक्षणांची वाट पाहू नका. मनगट सुजलं आणि बोटं हलतायत म्हणून मी दोन दिवस बर्फच लावत बसलो होतो. हाड मोडलेल्या हाताचीही बोटं हलतात, हे मला एक्स-रे काढणाऱ्याने सांगितलं.

ठेवणं

काम झालं की शिडी लगेच मिटवा. उघडी शिडी दिसली की लहान मूल तिच्यावर चढणारच, आणि तुम्हाला ते तिसऱ्या पायरीवर गेल्यावर दिसेल. नेताना मिटलेली शिडी आडवी, मधोमध धरा. पुढचं टोक थोडं उंच ठेवा म्हणजे कोपऱ्यावर वळताना कुणाच्या पोटात जाणार नाही, पण उजवी-डावीकडच्या काचा आणि वरचा पंखा दोन्ही सांभाळा. पायऱ्यांवर सांडलेला रंग, तेल, साबणाचं पाणी तेव्हाच पुसा, वाळल्यावर ते निघत नाही.

जागा कोरडी हवी आणि उन्हाबाहेर. फायबरग्लास वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की त्याचे धागे सुटून हातात टोचायला लागतात. भिंतीला नुसती टेकवून ठेवलेली शिडी कधीतरी घसरून कुणाच्या तरी पायावर येते, म्हणून ती भिंतीतल्या दोन आकड्यांवर आडवी टांगा, किंवा उभी ठेवून पट्ट्याने बांधा. आणि ती अशा जागी असू द्या की चार वस्तू हलवल्याशिवाय हाताला येईल. आमची पूर्वी पलंगामागे होती. काढायची तर पलंग ओढावा लागायचा, त्यामुळे बल्ब गेला की खुर्चीच पुढे यायची. आता ती स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली आहे.